मुकी पट्टी

अप्पांच्या पेटीत एक पट्टी मुकी होती. मधल्या सप्तकातली पांढरी तीन. दाबली की सूर यायचा नाही, नुसती हवा सुटायची, कुणी शेजारी बसून श्वास सोडावा तशी. अप्पा पांढरी एकमध्ये गायचे, म्हणजे ही पट्टी त्यांचा गंधार होती. गंधाराशिवाय पेटी वाजवणं म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक करणं. तरी त्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "तो सूर घरात आहे, पेटीत कशाला पाहिजे?" चिक्कूपणा लपवायला माणूस काहीही बोलतो, असं मला वाटायचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. एका कॉलेजात शिपाई होते आणि आमच्या समाजाच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंती, लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, कुठलंही कार्य असो, पार्टीला बोलावणं यायचंच. गाणी मराठीत आणि दोन गाण्यांच्या मधली बडबड कन्नडात. रविवारचा रियाज आमच्याच घरी व्हायचा, केशवापुरातल्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत पार्टी, आतल्या खोलीत आई आणि तिची भांडी. मी अप्पांच्या डाव्या गुडघ्याला टेकून, भात्याची हवा तोंडावर घेत बसायची. गाणं मुक्या पट्टीशी आलं की हवा सुटायची आणि त्या जागी एक 'हं' यायचा, अगदी नेमका सुरात. तो 'हं' अप्पांचाच, याबद्दल मला उभ्या आयुष्यात शंका आली नाही.

आई आणि अप्पा एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, पद्धतच तशी होती. "अप्पांना सांग, पाणी काढलंय." "आईला विचार, छत्री कुठाय." मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी लहानपणभर त्यांच्या पोस्टमनची नोकरी केली, तीही बिनपगारी.

अप्पांचा मूड कळायला मात्र पोस्टमन लागायचा नाही. कामावरून आले, हातपाय धुतले, की ते पेटी काढायचे. चाल जलद निघाली तर दिवस बरा गेला. संथ निघाली तर साहेबानं चारचौघांत झापलंय. पेटी काढलीच नाही तर आम्ही दोघं वह्या उचलून शेजारी अभ्यासाला पळायचो. पण एकदा वाजवायला बसले की अर्ध्या तासात माणूस निवळायचा. पेटी झाकताना त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा, आणि मग घर श्वास घ्यायला लागायचं.

दीड वर्षापूर्वी अप्पा गेले. त्याआधी आठ महिने अंथरुणाला खिळून होते. अंत्यसंस्कार झाले, जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि आई बोलायची थांबली. रडली नाही, चिडली नाही, नुसती थांबली. हाक मारली की वळून बघायची, ताट दिलं की जेवायची, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं. घसा ठीक, डोकं ठीक. "यांना बोलतं करा," ते म्हणाले. "अशी माणसं आधी बोलणं सोडतात, मग जेवण." ते शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले, आणि त्या दिवसापासून आईचा घास न् घास बघायला लागले.

मी लग्न केलेलं नाही, त्यामुळं आई माझ्याकडे राहते की मी आईकडे, हे अजून ठरलेलं नाही. कोप्पीकर रोडवर चष्म्याच्या एका दुकानात मी कामाला आहे. दुपारी दोन तास दुकान बंद असतं. सिटी बसनं घरी यायचं, आईला वाढायचं, ती जेवेपर्यंत काहीतरी बोलत बसायचं. तीन महिने मी एकटीच बोलले. गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या, महागाई सांगितली, शेजारणीच्या सुनेचं सगळं पुराण सांगितलं. एका दुपारी माझ्याकडचं बोलणं संपलं. खरंच संपलं. शेवटी आईचं ताट तिच्या खाटेवर ठेवलं, बाहेरच्या खोलीत आले आणि अप्पांची पेटी काढली.

मला थोडंफार वाजवता येतं. अप्पांच्या जागी बसायला धजावले नाही. पेटी जरा डावीकडे ओढून घेतली आणि माझ्या जुन्या जागी, त्यांच्या गुडघ्याच्या बाजूला बसले. मेमधली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. सा, रे, आणि बोट सवयीनं मुक्या पट्टीवर गेलं. हवा सुटली. आणि त्या हवेत 'हं' आला.

आवाज खालचा, घोगरा, अप्पांच्या शेवटच्या महिन्यांतल्या आवाजासारखा. सूर नेमका. मी पट्टीवरून हात उचलला तशी सगळं गप्प झालं. उठून आत गेले. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. ताट मात्र चाटून पुसून रिकामं. नळ बघितला, पंखा बघितला, शेजारच्यांचा टीव्ही चालू आहे का ते खिडकीतून डोकावून बघितलं. शेजारी कुलूप होतं.

आमच्या घरात हे असलं काही मानत नाहीत. देवच नाहीत तिथं भूत कुठून येणार, असं अप्पाच म्हणायचे. त्यामुळं भीतीपेक्षा मला लाजच जास्त वाटली. जिनं आयुष्यभर लोकांच्या ताईत-दोऱ्यांची थट्टा केली, ती भरदुपारी पेटीकडे बघत घामाघूम होऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बसले, खोटं पाडायला. सा, रे, हवा. 'हं.'

मग ते रोजचंच झालं. पण खरी भीती नंतर बसली, तो 'हं' मला ओळखतो हे कळल्यावर.

एका दुपारी दुकानातून निघतानाच मी खुशीत होते. मालकानं चार माणसांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं होतं. घरी येऊन एक लग्नातलं उडतं गाणं वाजवायला घेतलं. मुक्या पट्टीशी आले आणि तिथला 'हं' इतका जड, इतका ओला आला की माझी बोटं थबकली. तेव्हा लक्षात आलं की हे कौतुक सांगायला मला अप्पा हवे होते, बस थांब्यावर आल्यापासून हवे होते, आणि तेच दाबायला मी हे गाणं काढलं होतं. मी पेटीवर डोकं टेकून रडले. अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या एका दुपारी उलटं झालं. त्या दिवशी अप्पांना जाऊन सहा महिने होत होते म्हणून मी शहाण्यासारखं एक दुःखाचं, संथ गाणं घेतलं. 'हं' आला तो हलका, जवळजवळ हसरा. मला चोरी पकडल्यासारखं झालं. कारण खरं सांगायचं तर सकाळीच माझ्या मनात आलं होतं की आता रात्री उठून अप्पांची कूस बदलून द्यावी लागत नाही, माझ्या पाठीतली कळ गेली, बरं झालं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. माझ्या बोटांतून ते कुठून बाहेर पडलं आणि कुणाच्या कानात गेलं? मी पेटी झाकली आणि वर चादर टाकली.

तरी दुसऱ्या दिवशी चादर काढलीच. भीती वाटायची आणि त्याचीच ओढही लागली होती. त्या सुरापुढं काही लपवता यायचं नाही, त्यामुळं काही लपवायचं ओझंही उरायचं नाही. वाजवून उठले की पुन्हा दुकानात जाऊन सहा वाजेपर्यंत हसतमुखानं लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची ताकद यायची. या सगळ्या दिवसांत आई दुपारी अख्खी भाकरी खात होती. ज्वारी चांगली लागली, असं मी समजत होते.

मग तो दिवस आला. भाऊ सुट्टी काढून आला आणि आईला तपासणीसाठी धारवाडला घेऊन गेला. तो तिकडेच राहतो, धारवाडलगतच्या बेलूरला कारखान्यात कामाला आहे. मी दुपारी घरी आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. आतल्या खोलीत आईची खाट रिकामी, चादरीवर तिच्या बसण्याची खोलगट खूण. मी बाहेर येऊन पेटी काढली. वाजवताना खाट दिसत राहावी म्हणून मधलं दार सताड उघडं ठेवलं. सा, रे, हवा.

'हं.'

मी चप्पल न घालता रस्त्यावर आले. संध्याकाळी भाऊ आईला घेऊन परतला तेव्हा मी दाराबाहेर पायरीवर बसले होते. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, पण त्या दिवशी थोरल्यासारखा बोलला. "अक्का, तू एकटी पडालीस. दिवसभर मुकी आई, आणि ही मुकी पट्टी. माणसाच्या डोक्यात आवाज येणारच की. पेटी मी नेतो. पट्टी नीट करून आणतो, मग बघ कुठला 'हं' येतो ते."

"ने," मी म्हणाले. मीच म्हणाले. हे त्याच्यावर ढकलायचं नाही.

आठ दिवसांत पेटी परत आली. आत त्या पट्टीखाली सुराची नवी पितळी रीड, भात्याला नवं कातडं, वर पॉलिश. पांढरी तीन खणखणीत बोलत होती. पहिल्या दुपारी मी वाजवून बघितलं. सा, रे, ग. काहीच झालं नाही. घर आपलं घरासारखं. मला इतकं मोकळं वाटलं की मी सलग तीन गाणी वाजवली. आत गेले तर आईच्या ताटात अर्धी भाकरी तशीच पडलेली होती.

दुसऱ्या आठवड्यात अर्धीची चतकोर झाली. मग चार घास. मग नुसतं ताक. मी भरवायला गेले की ती मान फिरवायची, रागानं नाही, आता काय उपयोग अशा चेहऱ्यानं. गालफडं बसली. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात सारखं वाजत होतं. अप्पांचं वर्ष जवळ आलंय म्हणून मनाला लावून घेतलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. भाऊ म्हणाला, कार्यक्रम होऊ दे, मग दवाखान्यात दाखल करू.

वर्षाचं पुण्यानुमोदन घरीच केलं. त्रिसरण-पंचशील झालं, आणि पार्टीतली उरलेली माणसं गायला बसली. पेटीला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मीच बसले. ढोलकीवर तेच जुने अण्णा, अप्पांचे चाळीस वर्षांचे जोडीदार. आता ऐंशीला टेकलेत, पण हात अजून ताजा. पहिल्याच ओळीत मी गंधार दाबला आणि अण्णांची ढोलकी थांबली. गाणारेही थांबले.

"इदन्न यार माड्यार?" त्यांनी विचारलं. हे कुणी केलं? मग मराठीत, जरा दुखावल्या आवाजात, "पट्टी कुणी बोलती केली ही?"

भावानं सांगितलं. आता शाबासकी मिळणार असं त्याला वाटलं असावं. अण्णांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दाराआड आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आता वैनी कुठनं बोलणार?" अण्णा म्हणाले.

आम्हाला काही कळेना. अण्णांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "अरे, बाहेरच्या कार्यक्रमात तो सूर तुझा बाप भरायचा. पण घरात? घरात त्यानं कधीच भरला नाही. ती जागा वैनीची. हा इथं पट्टी दाबून थांबायचा, आणि आतनं भाकरी थापत थापत वैनी 'हं' द्यायच्या. त्यांनी दिल्याशिवाय हा पुढं जायचा नाही. आणि आम्ही सगळे कान देऊन ऐकायचो. भरदार आला तर आज चहा दोनदा. तुटक आला तर एकच गाणं म्हणून गप उठायचं. एकदा आलाच नाही, तर आम्ही ढोलकी पिशवीत घालून मुकाट्यानं घरी गेलो." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "दोघं एवढंच बोलायची बघ एकमेकांशी. आणि तुम्ही लेकरांनी रीड बसवून दिली."

अप्पांच्या गुडघ्याला टेकून इतकी वर्षं ऐकलं आणि तो आवाज कुठल्या बाजूनं येतो हे मला कळलं नव्हतं. आणि अलीकडे रोज दुपारी धावत आत जाऊन मी आईचे ओठ मिटलेले आहेत का ते बघत होते. गुणगुणायला ओठ उघडावे लागतात का कुणाला? माझी बोटं ऐकून माझ्या मनातलं ओळखणारं भूत भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसलं होतं. ती मला रोज उत्तर देत होती. वर्षभर गप्प असलेली माझी आई रोज दुपारी एक अक्षर बोलत होती, आणि मी घाबरून तिचं तोंड बंद करवलं.

सगळ्याचा उलगडा झाला. फक्त एका दुपारचा नाही. ती धारवाडला होती त्या दुपारचा. अण्णांना ते मी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर, उजेड होता तोवर, आम्ही पेटी उघडली. दुकानातला चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पर्समध्ये असतोच. भावानं फळी धरली, मी पांढरी तीनची रीड काढली आणि रुमालात बांधून कपाटात टाकली. जाताना भाऊ आईच्या पायाशी थोडा वेळ बसला.

दुसऱ्या दिवशी वाजवलं. हवा सुटली, आत काही हललं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आई ताकाच्या दोन घोटांवर आली होती. तिसऱ्या दिवशी मी चांगली गाणी शोधून शोधून वाजवली, तिच्या आवडीची, तिच्या लग्नाच्या काळातली. काही नाही. भावानं फोन करून दवाखान्यात खाट ठरवली. शनिवारी न्यायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी मी आले तेव्हा माझ्यात गाणं निवडायचीही ताकद नव्हती. आई मरणार, आणि ते माझ्यामुळं, एवढंच मनात होतं. बसले, माझ्या त्याच जुन्या जागी. बोटं आपोआप कामावरून आल्यावर अप्पा काढायचे त्या चालीवर गेली, त्या संथ चालीवर, जी ऐकली की आम्ही दबून वागायचो. सा. रे. मुकी पट्टी दाबली, आणि तेव्हा अण्णांचं बोलणं आठवलं. हा पुढं जायचा नाही. मी आजवर प्रत्येक वेळी पुढं जात होते. जागा सोडत होते, पण थांबत नव्हते.

या वेळी थांबले. बोट पट्टीवर, डावा हात भात्यावर. हवा जात राहिली. बाहेर एक रिक्षा गेली, मग तिचा आवाजही गेला. माझा खांदा भरून आला. पट्टीतून कुणीतरी एकसारखा श्वास सोडतंय असं वाटत होतं आणि तो श्वास माझा नव्हता. मला पळून जावंसं वाटलं. मी बोट उचललं नाही.

'हं.'

बारीक होता, फाटका होता, पण सुरात होता. मी मान वळवली. आई भिंतीला धरून मधल्या दारात उभी होती. किती दिवसांनी आपल्या पायानं उठली होती. 'हं' संपला आणि तिचे ओठ उघडले.

"आज उशीर केलात," ती म्हणाली.

आई मला 'तू' म्हणते. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या उजवीकडे, सतरंजीच्या मोकळ्या भागाकडे बघत होती, जिथं मी कधी बसत नाही. तिच्या चेहऱ्यावर वेड नव्हतं. उशिरा आलेल्या माणसावर असावा तेवढा, घरगुती राग होता.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि वळली.

मी तिच्या मागून आत गेले. मला रडू आवरत नव्हतं, आणि मानेवर थंडगार काटाही होता, दोन्ही एकदम. आई, मी आहे गं, अप्पा नाहीत आता, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिनं गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं, आणि ते उकळेपर्यंत बुट्टीतल्या भाकरीचा तुकडा मोडून चावायला लागली. मग आणखी एक तुकडा. मी तोंड मिटलं. बाहेरच्या खोलीत पेटीचा भाता आपला आपण बसला आणि उरलेली हवा सुटल्याचा आवाज आला.

"आई," मी विचारलं, "कप किती काढू?"

"तीन," ती म्हणाली.

मी तीन कप काढले.